'सर्व्हायव्हल'ला 'तगणं' म्हणावं का?

'ओपन वर्ल्ड सर्व्हायव्हल' व्हिडिओ गेम्सची (मोठ्या जगात हवं तिथं फिरत जीव जगवायचा, असे खेळ) तुलना मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. 'अतिजीविता' लिहिलं तर वाचणारा पळेल. 'जगण्याचे खेळ' म्हटलं तर संसाराचा खेळ वाटतो. काय लिहू?

—

एकच शब्द शोधू नका. या अर्थाची क्रियापदं आपल्याकडे बरीच आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. संकट झटक्यात आलं नि टळलं तर माणूस 'वाचतो'. अपुऱ्यावर दिवस काढले तर 'तगतो'. 'टिकणं' माणसालाही चालतं नि बुटालाही, म्हणून मी ते टाळतो.

'द लाँग डार्क' (२०१७) घ्या. उत्तर कॅनडातलं बर्फ, बाहेर वादळ, गुहेत विस्तव. तो किती मिनिटं राहील ते पडद्यावर दिसतंय. बर्फ वितळवलं, पण ते पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगं नाही, आणि काटक्या दोनच उरल्यात. सर्व्हायव्हल मोडमध्ये जिंकणं असं काही नसतं, दिवस मोजत राहायचं. मेलात की जतन केलेला खेळही पुसला जातो. हे तगणं.

'सबनॉटिका'त (२०१८) भूक-तहान आहे, पण लक्षात राहतो तो श्वास. पाण्याखाली प्राणवायूची टाकी नसताना जेमतेम ४५ सेकंद. तळाशी क्वार्ट्झ चमकतं, 'एवढं एक घेतो नि वर जातो' म्हणता म्हणता पडदा काळा व्हायला लागतो. डोकं पाण्याबाहेर आलं की तोंडातून 'वाचलो' निघतं. 'तगलो' कुणी म्हणणार नाही.

आणि 'व्हॅलहाइम'? अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पुरा होण्याआधीच खेळायला खुला) २०२१ साली आला तेव्हा मीही त्याला याच रांगेत बसवलं होतं. पण तिथं उपाशी राहून मरत नाही. एका वेळी तीन पदार्थ पोटात ठेवता येतात, त्यांनी जीव आणि दम वाढतो. रिकाम्या पोटी नुसते कमजोर राहता. घर बांधा, छपराखाली शेकोटीशी बसा, मग निघा. त्याला मी 'जम बसवणं' म्हणेन. जातकुळी एक दिसते, खेळताना जिवाची घालमेल मात्र अगदी निराळी.

—

'तगणं'वर थोडा आक्षेप. रोप तगतं, आजारी माणूस तगतो. त्यात स्वतःच्या हाती फारसं काही नसतं. खेळणारा तर दिवसभर लाकडं तोडतोय. 'तग धरणं' म्हणा, त्यात धरणारा असतो.

जाता जाता, 'डोन्ट स्टार्व्ह'मध्ये (२०१३) भूक आणि जीव यांच्या जोडीला सॅनिटीचं मोजमाप आहे. तिथं 'मानसिक आरोग्य' लिहिलेलं पाहून हसू आलं होतं. 'भान' हा शब्द तयार आहे की. भान सुटलं की सावल्या अंगावर येतात.

—

'तग धरणं' मान्य.

—

आणि 'ओपन वर्ल्ड'? मी 'मुक्त जग' लिहिलंय.

—

कैदेतून सुटल्यासारखं वाटतं. 'खुलं' आणि 'मोकळं' यांत निवडा, पण बघून. 'खुलं' म्हणजे जायला आडकाठी नाही. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) सुरुवातीचं पठार ओलांडलं की सरळ शेवटच्या शत्रूकडे चालत जाता येतं. जवळजवळ कुठलाही कडा चढता येतो, फक्त पाऊस आला की हात सुटतात. ते जग खुलं. 'मोकळं'मध्ये ऐसपैसपणा आहे, पण रिकामपणही आहे. मोकळं घर म्हणजे ज्यात कुणी नाही असंही घर. 'नो मॅन्स स्काय' २०१६ साली आला तेव्हा त्यात १८ वर १८ शून्यं एवढे ग्रह होते, आणि दहाव्या ग्रहानंतर मला तरी तो या दुसऱ्या अर्थानंच मोकळा वाटला. पुढच्या अपडेट्सनी त्यात बरीच भर घातली, हेही लिहा. तिथली 'भटकंती' म्हणा, 'शोध' नको. 'शोध' 'आउटर वाइल्ड्स'साठी (२०१९) राखून ठेवा. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि हाती उरतं ते फक्त कळलेलं.

—

शेवटचं विचारतो. 'क्राफ्टिंग'ला (जमवलेल्या सामानातून वस्तू बनवण्याला) सरसकट 'घडवणं' चालेल?

—

कुऱ्हाड घडवा. झोपडी बांधा, अंगरखा शिवा, दोर वळा. 'दोर घडवला' लिहिलंत तर पुन्हा इथं येऊन भांडेन.