शब्दचर्चा: ‘आनुवंशिकता’ किती ठिकाणी वापरायची?

घेवड्याच्या पैदाशीवरचा लेख मराठीत आणतोय. ‘इनहेरिटन्स’ आणि ‘हेरिटॅबिलिटी’ दोन्हीकडे ‘आनुवंशिकता’ ठोकलंय, आता वाचताना माझंच मला कळेना. ‘वारसा’ लिहावं तर सातबाऱ्यावर नाव लावल्यासारखं वाटतं. काय करू?

—

पहिल्याला, म्हणजे आईबापाचं पोरात उतरण्याला, ‘आनुवंशिकता’ चालेल. तशी आम्हा कोल्हापूरकरांकडे तयार बोली आहेच: पोरगं ‘आज्याच्या वळणावर गेलंय’. चढणारा वेलघेवडा आणि बुटका घेवडा यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे वेलच. दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक बुटका निघतो. तो आज्याच्या वळणावर गेलेला.

दुसऱ्याचं, हेरिटॅबिलिटीचं, प्रकरण निराळं: झाडाझाडांतल्या फरकातला किती भाग वंशातून आलाय, तो हा आकडा. आजी सुपात घेवडा पाखडून टपोरं बी तेवढं बाजूला काढायची, राख चोळून गाडग्यात भरायची. याला ‘बी धरणं’ म्हणतात. बी सरमिसळ असेल तर ही निवड फळते. पण डेन्मार्कच्या वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसननं १९०३ साली घेवड्यावरच दाखवलं, की स्वपरागणानं एकाच दाण्यापासून वाढलेल्या शुद्ध वंशात टपोरं बी पेरा नाहीतर बारीक, पुढच्या पिढीचं सरासरी वजन तेच. दाण्यादाण्यातला फरक जमिनीचा, पाण्याचा, शेंगेतल्या जागेचा. (‘जीन’ हा शब्दही त्याचाच, १९०९चा.) म्हणजे वजनाचं वळण पुढं चालतंय, तरी त्या वंशात हेरिटॅबिलिटी शून्य! दोन्हीला एकच शब्द लावला तर हे वाक्य लिहिताच येणार नाही. मी ‘अनुवंशक्षमता’ लिहीन.

—

‘क्षमता’ नको ओ. ते त्या झाडाच्या अंगातलं बळ वाटतं. इथं हेरिटॅबिलिटी ०.६ म्हणजे त्या वावरातल्या झाडाझाडांत जो फरक दिसतो, त्यातला साठ टक्के आनुवंशिक. एका झाडाच्या उत्पन्नातला साठ टक्के भाग आईबापाकडून आला, असा अर्थ नव्हे. वावर बदललं की आकडाही बदलू शकतो. ‘आनुवंशिक वाटा’ सरळ पडेल.

आणि ‘गुण’ जपून वापरा. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यात गुण संगतीनं लागतो, आणि वाण म्हणजे वर्ण, बैलाचा रंग. पैदासकाराचा ‘वाण’ मात्र बियाण्याचा, आणि त्याला गुण हवा तो बियातून उतरणारा. एवढ्यासाठी मी ‘लक्षण’ लिहितो.

—

‘लक्षण’ आणि ‘आनुवंशिक वाटा’, दोन्ही घेतले. म्हणजे सातबारा काही सुटला नाही बघा.