तारीख सांगा किंवा बेट सांगा

जुलैअखेर बहीण-मेहुणे येतायत, त्यांना बोटीवर राहायला ग्रीसच्या पारोस बेटावर बोलवावं का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत, नका बोलावू. त्या दिवसांत तिथल्या एजियन समुद्रात मेल्टेमी सुटतो. हा उत्तरेचा वारा एकदा लागला की चार-चार दिवस हटत नाही, आणि वर आभाळ निळंशार! पहिल्या वर्षी आम्ही नणंदेला पारोसची तारीख देऊन बसलो. ती फेरीबोटीने वेळेवर पोचली, आम्ही मात्र आमच्या बोटीसकट किथ्नोस बेटावर अडकलेलो. दोन रात्री तिने हॉटेलात काढल्या. अजून ऐकवते.

तेव्हापासून पाहुण्यांना एकतर तारीख सांगतो, नाहीतर बेट; दोन्ही एकदम नाही. त्यापेक्षा अथेन्सजवळच्या सारोनिक आखातात या: एजिना, पोरोस, इद्रा. अंतरं कमी, वारा बराच सौम्य, आणि अथेन्स विमानतळावरून एक्स ९६ बस थेट पिरेअस बंदराच्या धक्क्यावर. इद्राचं बंदर तेवढं चिमुकलं. सकाळी निघताना शेजारच्या बोटीच्या नांगराची साखळी आपल्या नांगराला लटकून वर येते, मग दोन्ही बोटींवरून आरडाओरडा. तेवढ्या वेळापुरतं मेहुण्यांना कॉफी प्यायला किनाऱ्यावर धाडावं.

चाकांची कडक बॅग आणू नका म्हणून आधीच बजावा, ठेवायला जागा नसते. आणि बोटीवरच्या संडासात कागद टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी, लाज न बाळगता, पंप हातात धरून दाखवा. तुंबला की तो खोलायचं काम यजमानाचंच असतं.