शेजाऱ्याची साक्ष भरपाईसाठी पुरेल का?
कुणी तुमची शेतजमीन बेकायदा ताब्यात ठेवली, तर त्या काळातल्या उत्पन्नाची भरपाई मागता येते. शेजारच्या शेतकऱ्याने ‘या जमिनीतून वर्षाला 2 लाख निघतात’ असं कोर्टात सांगितलं की भरपाईचं काम झालं, असं सांगितलं जातं. उलटतपासणीत ते टिकत नाही. आकडा कशावरून, हे त्याला सांगता यायला हवं: क्षेत्र किती, पाणी कुठलं, एकरी उतारा किती टन. त्याच्याच उसाच्या वजनपावत्या आणि कारखान्याची बिलं सरतपासणीच्या (आपल्या बाजूने दिलेल्या साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रासोबत लावा. बेणं, खत, तोडणीचा खर्च वजा दाखवा. नुसतं ढोबळ उत्पन्न मागितलं की समोरचा वकील तिथेच पकडतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 2(12) नुसार बेकायदा कब्जेदाराला साधारण मेहनतीने जे मिळालं असतं तेही धरतात, वर व्याजही. मात्र त्याने स्वतः केलेल्या सुधारणांमुळे, समजा नव्या विहिरीमुळे, वाढलेलं उत्पन्न वगळतात. म्हणून जमिनीत आधी काय पिकत होतं हे दाखवायला, तुमचा कब्जा जाण्याआधीच्या पीकपाहणीच्या नोंदी नक्की जोडा.