एमआयपी आणि एनआयपी दोन्ही सारखंच बांधतायत, मदत हवी आहे

मेथीची_जुडी:
एमेस्सी प्रोजेक्ट, सबमिशन पंधरा दिवसांवर आणि डोकं चालेनासं झालंय. ॲट्राझिनचं एमआयपी (साचा उमटवलेलं पॉलिमर) केलंय, म्हणजे ते उसातलं तणनाशक साचा म्हणून ठेवून पॉलिमर करायचं आणि मग ते धुऊन काढलं की त्याच मापाच्या खाचा उरतात. साचा, मोनोमर (साच्याला धरणारा घटक) मेथॅक्रिलिक ॲसिड आणि साखळ्या जोडणारं ईजीडीएमए यांचा रेशो नेहमीचाच 1:4:20, सुरुवात करून द्यायला एआयबीएन. पण एमआयपी 71 टक्के ॲट्राझिन बांधतंय आणि साच्याशिवाय केलेलं, म्हणजे खाचाच नसलेलं एनआयपी 68! तीनदा केलं. सर म्हणतात मोनोमर बदल. कुठला घेऊ? लवकर सांगा प्लीज.

खडूस_केमिस्ट:
पॉलिमर कुठल्या सॉल्व्हंटमध्ये केलंस? बाइंडिंगची चाचणी कशात? पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारतेयस.

घाटावरचा:
ढेकूळ करून खलात कुटलं असशील. प्रेसिपिटेशन (साका पाडून) पॉलिमरायझेशन कर, सॉल्व्हंट भरपूर घेतला की बारीक गोळे आपोआप पडतात. पीएचडीत आम्ही कुटण्यात आणि चाळण्यात दोन वर्षं घालवली, अर्धा माल भुकटी होऊन वाया.

खडूस_केमिस्ट:
कुटल्यानं काही बिघडत नाही. मोसबाखच्या रिसर्च ग्रुपचं 1993 चं थिओफिलिन या औषधाचं एमआयपी कुटलेलंच होतं आणि कॅफीनला दाद देत नव्हतं, फरक फक्त एका मेथिलचा.

घाटावरचा:
93 साली पर्याय काय होता?

ऊसवाला_दादा:
ॲट्राझिन मारून हराळी जात नाही आमच्याकडं, दुसरं काय मारावं?

मेथीची_जुडी:
भांडू नका ना. टोल्युइनमध्ये केलं, साचा काढायला सॉक्सलेटला (गरम सॉल्व्हंट फिरवत धुणारं उपकरण) मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडनं धुतलं. बाइंडिंग अर्थातच पाण्यात, नमुने विहिरीचे आहेत. 50 पीपीएम (लिटरला 50 मिलिग्रॅम) ॲट्राझिन, रात्रभर शेकर, सिरिंज फिल्टर, मग उरलेलं यूव्हीवर 222 नॅनोमीटरला मोजलं.

खडूस_केमिस्ट:
अर्थातच काय! हायड्रोजन बाँड टोल्युइनमध्ये जुळवलेस आणि परीक्षा पाण्यात, तिथं मेथॅक्रिलिकच्या कार्बॉक्सिलवर पाणीच जाऊन बसतं. मग ॲट्राझिन पाण्याला कंटाळून समोर येईल त्या पॉलिमरला चिकटतं, त्याला खाच लागत नाही. मोनोमर राहू दे, टोल्युइनमध्येच बाइंडिंग कर.

साधी_मोजपट्टी:
पण टोल्युइनमध्ये 222 ला मोजणार कसं, 285 च्या खालचं सगळं ते स्वतःच गिळतं. गाळून टोल्युइन उडव आणि उरलेलं ॲसिटोनायट्राइलमध्ये घेऊन मोज. शिवाय 50 पीपीएम केलंस कसं? पाण्यात ॲट्राझिन लिटरला जेमतेम 33 मिलिग्रॅम विरघळतं.

मेथीची_जुडी:
मिथेनॉलमध्ये स्टॉक करून पाण्यात टाकला. तळाला पांढरं दिसायचं, मला वाटलं पॉलिमरच बसलंय... थांबा, ते पावडर न घातलेल्या फ्लास्कमध्येपण होतं.

साधी_मोजपट्टी:
तो फ्लास्क गाळून मोजलास का?

मेथीची_जुडी:
न गाळताच धरला 50.

साधी_मोजपट्टी:
मग तिसरा हिस्सा तर फिल्टरवरच राहिला आणि तू तो दोन्हीकडं बांधलेला म्हणून मोजलास. पाण्यात करायचंच असेल तर 5 पीपीएम घे आणि ब्लँक, म्हणजे तो पावडर न घातलेला फ्लास्कसुद्धा त्याच फिल्टरमधून काढ.

घाटावरचा:
प्रेसिपिटेशन कर म्हटलं होतं मी.

खडूस_केमिस्ट:
ते झालंच की, फ्लास्कच्या तळाला.

मेथीची_जुडी:
आत्ता ब्लँक गाळून बघितला, 31 आलं. तीन महिन्यांचे सगळे ग्राफ 50 धरून काढलेत. सरांना उद्या सांगू की आधी टोल्युइनचं करून मग?

ऊसवाला_दादा:
हराळीचं राहिलंच.