मदत हवी आहे: बाईकचा विमा, कोणती कंपनी? (नागपूर, अर्जंट)

संत्रामंडी: गाडीचा विमा भरायचा आहे. एजंट ३,२२० सांगून राहिला, ऑनलाइनवर कोणी १,४०० दाखवते, कोणी २,६००. एवढा फरक कायचा? उद्या सकाळी गाडी घेऊन मानकापूरला जायचं आहे, म्हणून आजच भरून टाकतो. सरकारी की खाजगी, एवढंच सांगा.

किकस्टार्ट: गाडी कोणती? किती सीसी? केव्हाची? पॉलिसी संपली की संपायची आहे?

धरमपेठी: सरकारी घ्या. न्यू इंडिया नाहीतर ओरिएंटल. विषय संपला.

पाना_१०_नंबर: कसला संपला? थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा हप्ता सरकार ठरवतं, तो सरकारी-खाजगी सगळीकडे एकच. जून २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला ७१४ आणि १५० ते ३५० ला १,३६६, वर १८ टक्के जीएसटी. १४९.५ सीसीची पल्सर ७१४ मध्ये बसते, १६२.७ ची युनिकॉर्न १,३६६ मध्ये. फरक पडतो तो ओडीत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. म्हणून सीसी विचारतोय.

संत्रामंडी: युनिकॉर्नच आहे. २०२२.

किकस्टार्ट: महिना? नवी की सेकंडहँड?

संत्रामंडी: ऑक्टोबर. नवीच, शोरूममधून. महिन्यानं काय होते?

पाना_१०_नंबर: १,६१२ रुपये होतात, १,३६६ अधिक जीएसटी! सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी ५ वर्षांची एकदमच घ्यावी लागते. तुमची ऑक्टोबर २०२७ पर्यंत भरलेली आहे. शोरूमची मूळ पॉलिसी काढा, पहिल्या पानावर ओन डॅमेज (ओडी) आणि लायबिलिटी (थर्ड पार्टी, टीपी) अशा दोन वेगळ्या मुदती दिसतील. आता एजंटचं कोटेशन उघडा. त्यात 'बेसिक टीपी १,३६६' असेल तर भरलेलेच पैसे पुन्हा भरताय. तुम्हाला नुसती 'स्टँडअलोन ओडी' पाहिजे.

संत्रामंडी: आहे ना बाप्पा, १,३६६ लिहिलं आहे. खाली पीए १५ लाख, झिरो डेप आणि एनसीबी ३५% पण आहे.

किकस्टार्ट: एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याची सूट. तीन वर्षांत एकही क्लेम नाही ना? तसं असेल तरच ३५. बिनक्लेम वर्षांगणिक क्रम २०, २५, ३५, ४५, ५० टक्के, आणि तोही फक्त ओडीवर.

संत्रामंडी: मे महिन्यात मडगार्ड अन् इंडिकेटर बदलले होते, कंपनीनंच दिले.

किकस्टार्ट: मग एनसीबी शून्य. हेच सांगायचं राहिलं होतं! ३५ लावून पॉलिसी निघेल, त्या वेळी कोणी अडवणार नाही. क्लेम आला की नवी कंपनी जुनीकडे एनसीबीची खात्री करते, आणि तिथे क्लेम अडकतो. सही तुमची असते, एजंटची नाही. पीए म्हणजे तुमचा स्वतःचा अपघात विमा; १५ लाखांचा दुसरा आधीच असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही.

नंदनवन_४९: झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टवर घसारा न कापायची सोय, काढून टाका. तीन वर्षांच्या गाडीला कशाला? उगाच हप्ता फुगतो.

पाना_१०_नंबर: असहमत. हिशेब मांडतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर २५ टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरवर ५०. समजा बिल आलं: प्लास्टिक ३,०००, धातू ४,०००, मजुरी ८००. साध्या पॉलिसीत १,५०० + ३,००० + ८००, त्यातून सक्तीचे १०० वजा, हातात ५,२००. झिरो डेपमध्ये ७,७००. एका पडण्यात अडीच हजारांचा फरक. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर देतच नाहीत, म्हणून आताच घ्या. वर्षात किती क्लेम चालतात ते मात्र वाचा, बऱ्याच ठिकाणी दोनच.

नंदनवन_४९: आणि ज्याचा क्लेमच येत नाही त्याचं काय? यांचा तर आला म्हणा. बरं.

नागनदीकाठ: इंजिन प्रोटेक्ट घ्या! २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा वस्त्यांत पाणी शिरलं. पुराचं नुकसान साध्या ओडीतही बसतं, पण बुडालेली गाडी सेल्फ मारून पाहिली, पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते 'नंतरचं नुकसान' म्हणून नाकारतात. सेल्फ मारू नका, ढकलत न्या.

किकस्टार्ट: त्यांनी विचारलं का हे? पॉलिसी कधी संपली ते अजून सांगितलं नाही त्यांनी.

संत्रामंडी: १८ तारखेला. मागच्या महिन्याच्या.

किकस्टार्ट: हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं राजेहो. ओडीत खंड पडला की आधी तपासणी होते, ॲपवर व्हिडिओ काढून. तो मंजूर झाल्यावरच ओडी सुरू होईल. म्हणजे आज पैसे भरले तरी उद्या मानकापूरच्या वाटेवर ओडी असेलच असं नाही. थर्ड पार्टी चालू आहे, त्यामुळे विमा नसल्याचं २,००० चं चलान बसणार नाही.

इतवारी_गल्ली: अवांतर: मामेभावाची ॲक्टिव्हा घेतली, विमा त्याच्याच नावावर आहे. चालेल का?

पाना_१०_नंबर: वेगळा धागा काढा. थोडक्यात: आरसी नावावर होताच १४ दिवसांत कंपनीला कळवा. थर्ड पार्टी गाडीसोबत येते, ओडी नाव बदलल्याशिवाय तुमच्या कामाची नाही. एनसीबी मामेभावाकडेच राहतो.

धरमपेठी: मूळ प्रश्न कंपनीचा होता. मी उत्तर दिलं आहे.

पाना_१०_नंबर: कंपनी गॅरेजवरून ठरवा. जिथे सर्व्हिसिंग करता तिथल्या काउंटरवर विचारा: कॅशलेस कोणाकोणाचं चालू आहे, आणि गेल्या महिन्यात कोणाचं बिल पास झालं? वेबसाइटच्या यादीत नाव असूनही गॅरेजवाला हात वर करतो. तिथे दोन-तीन नावं मिळतील, त्यांचेच दर सारख्याच आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर मागवा. १,४०० वाल्याने आयडीव्ही पाडली आहे का ते पाहा. चौथ्या वर्षाला गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या आजच्या किमतीतून ४० टक्के वजा, त्याच्या आसपास पाहिजे. चोरीत तेवढेच मिळतात.

संत्रामंडी: एजंटनं १,३६६ कापले. एनसीबी 'राहू द्या ना भाऊ' म्हणते.

किकस्टार्ट: राहू देऊ नका.

संत्रामंडी: बरं. ॲप व्हिडिओत चेसिस नंबर मागून राहिलं. तो कुठं असते?

पाना_१०_नंबर: हँडल पूर्ण डावीकडे वळवा. हँडलखालच्या जाड पाइपवर, उजव्या अंगाला कोरलेला आहे. आधी फडक्याने ग्रीस-धूळ पुसा, अक्षर वाचता आलं नाही तर व्हिडिओ परत पाठवतात.