जुन्या गाडीतलं नॅव्हिगेशन अपडेट करणारे सगळे येडे का?

गोदाकाठचा_एक: काल ग्रुपवर एका साहेबांनी टाकलं, "दहा वर्षं जुन्या गाडीच्या नॅव्हिगेशनवर पैसे घालणं म्हणजे कॅसेटची रीळ पेन्सिलीनं गुंडाळत बसणं, फोन लावा आणि गप बसा." वर पन्नास अंगठे. तिथंच उत्तर देणार होतो, लांबलं म्हणून इथं.

साहेब, गाडी माझ्या बाबांची आहे, २०१४ ची, आणि बाबा ७१ चे. फोनवर नकाशा लावून दिला, चांदवडकडं लग्नाला निघाले, पिंपळगावचा टोल ओलांडला आणि मावशीचा फोन आला. नकाशा गायब, पडद्यावर मावशीचा फोटो. परत कसा आणायचा माहीत नाही, लॉन्स मागं राहिलं, माणूस थेट उमराण्यात. परत फिरून पोचले तेव्हा अक्षता पडून पंगत उठली होती, आईनं दोन दिवस ऐकवलं. गाडीतल्या पडद्याचं तसं नाही, खरी बटणं आहेत, बोट दाबलं की दाबलं. फक्त नकाशा म्हातारा झालाय, पुणे रोड अजून एनएच ५० दाखवतो आणि संभाजीनगर टाकलं की कोल्हापूरला न्यायला निघतो. नव्या नकाशाच्या मेमरी कार्डाचे साडेनऊ हजार सांगितलेत. मी म्हणतो घालावेत. आणि सुरगाणा-पेठकडं रेंज नसते तिथं तुमचा फोन काय चाटायचा?

सातपूरकर: साडेनऊ हजार??? अहो तेवढ्यात नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसतो वायरिंगसकट. आणि कार्ड "नवीन" म्हणून देतात तो नकाशा विकतानाच शिळा असतो. वर ते कार्ड त्याच गाडीला बांधलेलं, कॉपी केलं तर चालत नाही.

पाथर्डी_फाटा: तो अँड्रॉइड स्टिरिओ मी बसवला होता दादा, त्याची कहाणी ऐका. दुकानदार म्हणाला दोन तासात होईल, सकाळी दहाला दिलेली गाडी संध्याकाळी सातला मिळाली, स्टिअरिंगवरची बटणं मेली, रिव्हर्स कॅमेरा उलटा दिसायला लागला म्हणजे डावीकडची भिंत उजवीकडं. मग कळलं की मधे कॅनबसचा डबा लागतो, म्हणजे गाडीची नि स्टिरिओची बोलणी जुळवून देणारा, तो त्यानं लावलाच नव्हता. वर गाडी बंद केली तरी आतून करंट खायचा, तीन दिवस उभी राहिली की धक्का स्टार्ट. स्वस्तात पडलं म्हणे.

सातपूरकर: दुकान चुकलं तुमचं, स्टिरिओ नाही.

रेंज_नाही_तरी_चालतं: मूळ धाग्यात एक चूक आहे ती आधी काढा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. उपग्रह २० हजार किलोमीटर वर आहेत, त्यांना पेठचा टॉवर आहे की नाही याच्याशी घेणं नाही. घरी वायफायवर जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवा, जंगलात पण चालतो. मी सापुताऱ्यापर्यंत असाच जातो.

गोदाकाठचा_एक: बरं, ते मान्य. पण उतरवून देणार कोण, दर वेळी मीच ना? मग तुम्हीच या आमच्याकडं, चहा देतो.

जुनं_ते_सोनं: फोनवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनी बरेलीचं आठवावं. नोव्हेंबर २०२४, नकाशा बघत गाडी अर्धवट पुलावरून रामगंगेत, तिघं गेले.

रेंज_नाही_तरी_चालतं: आणि गाडीतल्या नकाशानं वाचवलं असतं? पूल पुरात तुटलेला होता. जुन्या कार्डात तर तो अजून धडधाकट असेल.

जुनं_ते_सोनं: तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

वायरमन_अंबड: भांडण नंतर करा, आधी पडद्यावरची तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की शून्यावर येतो, शेवटचा ६ एप्रिल २०१९ ला आला. काही जुन्या युनिटांना हे त्याच दिवशी बाधलं, काहींना नंतर. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या कितीतरी गाड्यांची घड्याळं २००२ सालात गेली होती. तारीख वीसेक वर्षं मागं असेल तर नुसता नकाशा टाकून घड्याळ सुधारणार नाही, फर्मवेअर म्हणजे युनिटच्या आतलं सॉफ्टवेअर नवं लागतं, आणि ते येत नसेल तर साडेनऊ हजार गोदावरीत सोडा.

बाकी एका गोष्टीत गाडीतलंच भारी. चाकाचा वेग आणि आतला जायरो, म्हणजे वळण ओळखणारा सेन्सर, वापरून ते बोगद्यात पण चालत राहतं. समृद्धीच्या इगतपुरीच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यात माझा फोन थिजला होता, गाडीतला बाण आपला चालू.

कसारा_प्रेमी: समृद्धीचं नाव काढलंत म्हणून बोलतो. ७६ किलोमीटरला दीडशेच्या वर टोल भरायचा, आमन्याला उतरायचं आणि मग भिवंडीत ट्रकच्या मागं तासभर. त्यापेक्षा घाट बरा, निदान धुकं तरी बघायला मिळतं.

सातपूरकर: धुकं बघायला जाता का मुंबईला? मला घाटात कंटेनर उलटला म्हणून साडेचार तास बसवलंय, लहान पोरगी मागं ओकत होती. दीडशे काय तीनशे घ्या.

कसारा_प्रेमी: पोरीला ओकाऱ्या १२० नं पण होतात. तुमच्यासारख्यांमुळं जुन्या हायवेच्या खड्ड्यांकडं कुणी बघत नाही.

सातपूरकर: माझ्यामुळं?? मी काय डांबर खातो का?

पंचवटी_कारंजा: नकाशावाल्यांनो, सिंहस्थ होईपर्यंत खिसा उघडूच नका. आज कार्ड घ्याल, पुढच्या महिन्यात तुमच्याच गल्लीत खोदकाम आणि एकेरी वाहतूक. २०२७ ची स्नानं होऊ द्या, मग जे उरेल त्याचा नकाशा घ्या. आमच्याकडं सकाळी दूधवाला ज्या रस्त्यानं येतो तो संध्याकाळी नसतो.

गोदाकाठचा_एक: हा एकच मुद्दा पटला, आणि तोही नाइलाजानं. वायरमन तारीख बघा म्हणाले म्हणून आत्ता खाली जाऊन बघितलं, पडदा २००६ साल दाखवतोय. बाबांना विचारलं तर म्हणे, "मला कधीपासून माहीत आहे, मी हातातलं घड्याळ बघतो." म्हणजे आधी फर्मवेअर विचारतो, कार्डाचं नंतर. फोनवाल्या साहेबांनी यात स्वतःचा विजय मानू नये, मावशी अजून फोन करते. आणि समृद्धीवाल्यांनी वेगळा धागा काढा.

कसारा_प्रेमी: काढतो की, आधी यांना आमन्यातून बाहेर पडू द्या.