गणपतीचं क्रिकेट: टीम कशा पाडायच्या? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅटचे नंबर)

ए-१०२: नमस्कार मंडळी. झांक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) आधीच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉक्स क्रिकेट, मग पोहे-जिलबी. २४ नावं आली आहेत, म्हणजे सहा-सहाच्या चार टीम. कशा पाडायच्या ते आज ठरवून टाकू. मागच्या वर्षीसारखं कॅप्टननी एकेक नाव पुकारायचं का?

ए-४०३: भाऊ, ते नकोच. ज्याला कोणी घेत नाही ते पोर शेवटपर्यंत सगळ्यांसमोर उभं राहतं. माझी मुलगी त्यानंतर खेळायला उतरलीच नाही.

डी-१०१: विंगप्रमाणे करा, चार विंग चार टीम.

सी-२०४: काका, सी विंगमधून तीनच नावं आहेत. मी एक्सेलमध्ये रँडम करून टीम पाडल्या आहेत, टाकू का यादी?

बी-३०१: अरे, यादी टाकू नकोस, आधी नियम ठरू दे. एक्सेलचं रँड फंक्शन शीटमध्ये काहीही बदललं की नवे आकडे देतं. तू एकदाच केलंस की आवडेपर्यंत करत राहिलास, हे बाकीच्यांना कळणार कसं? तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण सोडत सगळ्यांना दिसली पाहिजे.

डी-१०१: मग २४ चिठ्ठ्या एका डब्यात टाका आणि काढा. हाय काय नाय काय.

बी-३०१: दादा, चिठ्ठ्या हव्यातच, पण एकाच डब्यात नकोत. आपल्याकडे चार जण रोज नेहरू स्टेडियमला खेळतात. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र टाकल्या तर ते चौघं चार वेगळ्या टीममध्ये जाण्याची शक्यता १०० मध्ये जेमतेम १२ आहे (१८/२३ × १२/२२ × ६/२१, कोणीही करून बघा). म्हणजे बहुतेक वेळा निदान दोघं तरी एकत्र येणार. त्यात लबाडी काहीच नसते, पण सामना एकतर्फी होतो आणि मग चिठ्ठ्या काढणाऱ्यावर संशय.

लहानपणी आपण काय करायचो ते आठवा. दोन बरोबरीचे भिडू बाजूला जाऊन नावं ठरवून यायचे, एक आंबा, एक पेरू. कॅप्टन म्हणायचा "मला आंबा". कोण कुठे जाणार ते नशिबावर, पण दोघं एका टीममध्ये जाणं शक्यच नाही. औषधांच्या चाचण्यांमध्येही अनेकदा हेच करतात, आधी सारख्या रुग्णांचे गट आणि मग गटाच्या आत सोडत. मला ती पद्धत फार आवडते, कारण त्यात कोणालाही "तू नको" म्हणावं लागत नाही.

म्हणून तीन डबे करू. एकात नेहमी खेळणारे आठ, दुसऱ्यात अधूनमधून खेळणारे आठ, तिसऱ्यात नवखे आणि मुलं मिळून आठ. रोज खेळणारे चौघं पहिल्या डब्यातून आधी, एकेका टीमला एक. मग त्याच डब्यातले उरलेले चौघं, पुन्हा एकेका टीमला एक. बाकीच्या दोन डब्यांतून प्रत्येक टीमला दोन-दोन.

ए-१०२: छान. गट कोण पाडणार?

बी-३०१: काका, तुम्ही आणि काकू. गटांची यादी शुक्रवारी ग्रुपवर टाका, हरकत असेल तर त्याच दिवशी सांगायची. एकदा सोडत झाली की "पुन्हा काढा" नाही. निकाल बघून दुसऱ्यांदा काढली की ती सोडत राहत नाही, ती निवड होते. मला सगळ्यात जास्त आग्रह याच नियमाचा आहे.

सी-२०४: ताई, चिठ्ठ्या हलवायच्या किती?

बी-३०१: भरपूर, आणि काढणाऱ्याने डब्यात बघायचं नाही. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली होती, ३६६ कुप्या, एकेकीत एक तारीख. जी तारीख आधी निघेल, त्या तारखेच्या मुलांना आधी बोलावणं. त्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या आणि नीट ढवळल्याच नाहीत. डिसेंबरच्या तारखा लवकर बाहेर आल्या, ३१ पैकी २६ तारखांच्या मुलांना बोलावणं गेलं. पुढच्या सोडतीत दोन पिंपं वापरली, एकात तारखा, एकात क्रमांक. आपणही नावांच्या डब्याशेजारी एका वेगळ्या डब्यात टीमचे रंग ठेवू. एका हाताने नाव, दुसऱ्याने रंग.

ए-४०३: माझा धाकटा सहा वर्षांचा आहे गं. त्याचं नाव दिलेलं नाही, पण तो माझ्याशिवाय राहणार नाही.

बी-३०१: काकू, तो लिंबूटिंबू. तुमची चिठ्ठी जिथे निघेल तिथे तो सातवा. आउट झाला तरी मोजायचं नाही, आणि त्याला एक ओव्हर बॅटिंग नक्की.

डी-१०१: आणि ऐनवेळी कोणी आलंच नाही तर?

ए-१०२: तीन राखीव नावं लिहून ठेवतो, प्रत्येक गटाचं एक. ज्या गटातला माणूस कमी, त्याच गटातला राखीव आत. सोडत शनिवारी आरतीनंतर मंडपात. चिठ्ठ्या वेगवेगळ्या कागदांच्या नकोत, मी एकाच वहीची पानं सारखी कापून ठेवतो. काढायला ए-४०३ ची मोठी मुलगी चालेल का?

ए-४०३: विचारते तिला. येईल बहुतेक.